वादळ पालशेतला गेलं

ती माझ्या नवऱ्याच्या छातीवरच्या खिशातून बोलत होती.

श्रीरंग शिडीवर चढून बेकरीच्या पत्र्यांवरून नायलॉनची दोरी ओढून घेत होते. मी खाली शिडी धरून उभी होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातल्या फोनमधून मृदुला खातूचा आवाज येत होता. "सकाळपासून वादळाचा वेग मंदावलाय. असं रेंगाळलं की ते ताकद गोळा करतं, हे विसरू नका. किनाऱ्याकडे वळायचं असेल तर आज दुपारनंतर वळेल. देवगड ते विजयदुर्ग, या पट्ट्यानं जास्त जपायचं. सगळ्यांनी दाब कळवत राहा."

"ऐकलंस?" श्रीरंग वरून म्हणाले.

"दोरी घट्ट बांधा," मी म्हणाले.

"घट्टच बांधतोय. पण तिनं काल रात्रीच सांगितलं होतं, वेग मंदावणार म्हणून. बरोबर तसंच झालं बघ."

मी शिडी जरा हलवली. मुद्दाम नाही. पण हलली.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. देवगडला त्या दिवसांत आकाश स्वच्छ असतं, आंब्यांना मोहराची चाहूल लागलेली असते. त्या वर्षी मात्र लक्षद्वीपच्या बाजूला वादळ उठलं आणि समुद्रातून वर वर यायला लागलं. मासेमारीला गेलेल्या होड्या परत आल्या, शाळांना सुट्टी दिली, तहसीलदारांची गाडी भोंगा लावून फिरून गेली. सरकारी हवामान खात्याचे इशारे होतेच. पण आमच्या घरात त्याआधी वर्षभरापासून दुसरंच खातं चालत होतं. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंतच्या हौशी लोकांनी फोनवर एक गट केला होता, 'कोकण वादळवारा' नावाचा. कुणी मास्तर, कुणी बँकेतला, कुणी डॉक्टर, कुणी बोटवाला. प्रत्येकानं आपापल्या गावातला हवेचा दाब, वारा, समुद्राचा रंग कळवायचा आणि गुहागरजवळच्या पालशेतमधल्या मृदुला खातूनं ते सगळं गोळा करून नकाशा काढायचा, मग आपल्या आवाजात सगळ्यांना समजावून सांगायचं. देवगडचा दाब माझा नवरा कळवायचा.

आमचं लग्न होऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. श्रीरंग मुळात अबोल. मैदा आला का, यीस्ट संपलं का, भट्टीवरचा इस्माईल आज येणार आहे का, एवढंच बोलणं. मुलगी कोल्हापूरला शिकायला गेली आणि तेही कमी झालं. माझी कधी तक्रार नव्हती. काही माणसं असतात तशी, म्हणायचे मी. मग एक दिवस ते मागच्या पडवीत मृदुलाला पाठवायच्या आवाजी निरोपात आकाशाचं वर्णन करताना मी ऐकलं. "पश्चिमेला ढग असे बारीक खवल्यांसारखे आहेत, पापलेटाच्या अंगावर असतात ना तसे, आणि खाली एकच काळा पट्टा, कुणी बोटानं काजळ ओढावं तसा." मी हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकत राहिले. त्यांना अशी वाक्यं येतात हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी सकाळी मीच त्यांना विचारलं होतं, "आज आभाळ कसं आहे हो?" तर म्हणाले होते, "ढगाळ."

माणूस अबोल आहे म्हणून मी वीस वर्षं चालवून घेतलं होतं. आणि तो अबोल नव्हताच.

मी तिला पाहिलं नव्हतं. फोनवर तिच्या नावापुढे तिचा चेहरा नव्हता, उपग्रहानं काढलेला वादळाचा भोवरा होता. त्यामुळे मला ती हवी तशी दिसायची. उंच, गोरी, पाठीवर शेपटा. आवाज मात्र खराच चांगला होता. स्वच्छ, न अडखळणारा, आणि मधूनच हसायची. ते हसणं मला आमच्या घरात, आमच्या भट्टीच्या धगीत, आमच्या पावांच्या वासात ऐकावं लागायचं.

दुपारपर्यंत पाऊस सुरू झाला. सरीवर सर येत होती, मध्ये थांबत होती, आणि थांबली की समुद्राचा आवाज बंदरापासून थेट बाजारापर्यंत ऐकू यायचा. आळीतली माणसं बेकरीत येऊन उभी राहिली. आमची भिंत चिऱ्याची आणि जाड, शिवाय श्रीरंगांना खबर असते, हे सगळ्यांना ठाऊक. बोटवाले जनाभाऊ तारी डोक्यावर गोणपाट घेऊन आले.

"श्रीरंगा, खंय पोचला तुझा वादळ?"

"इथून नैऋत्येला आहे, जनाभाऊ. अजून वळलं नाही."

"वळतला?"

"वळेल असं म्हणतायत."

"कोण म्हणता? ती पालशेतची बाय?" जनाभाऊंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "वहिनी, तुमच्या घोवाक वादळापेक्षा ती बाय जास्त दिसता हा!"

सगळे हसले. मीही हसले. त्या गर्दीत दुसरं काय करणार?

आमच्या पुढच्या खोलीत भिंतीवर एक पितळी बॅरोमीटर होतं. श्रीरंगांचे मामा परदेशी बोटींवर नोकरीला होते, त्यांनी निवृत्त झाल्यावर भाच्याला दिलेलं. त्याला हात लावायची मलासुद्धा बंदी होती, धूळ श्रीरंग स्वतः पुसायचे. त्या दुपारी दर थोड्या वेळानं ते जाऊन काचेवर बोटानं टकटक करायचे, काटा बघायचे आणि फोनवर आकडा पाठवायचे. काटा खालीच सरकत होता. मी देवापाशी निरांजन लावलं आणि कोल्हापूरला मुलीला फोन केला. आम्ही ठीक आहोत, असं सांगितलं. सांगताना वाऱ्यानं आमच्या दारातली शेवग्याची फांदी काडकन मोडली.

मग एकदा श्रीरंगांनी काचेवर टकटक केलं आणि तिथेच उभे राहिले. पुन्हा टकटक केलं. पाऊस पडत होता, पण समुद्राचा आवाज जरा लांब गेल्यासारखा वाटत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"चढतोय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दाब चढतोय. वादळ आपल्यासमोरून पुढे गेलं. वळलं नाही."

मी बेकरीत धावत जाऊन सांगितलं. कुणाला आधी खरं वाटेना. मग जनाभाऊंनी रस्त्यावर जाऊन आभाळाकडे पाहिलं, नाकानं वास घेतल्यासारखं केलं आणि "गेला रे!" म्हणून ओरडले. आळीतली पोरं दिवाळीचे उरलेले फटाके घेऊन आली आणि भर पावसात वळचणीखाली उभी राहून फोडायला लागली. कुणी गणपतीला नारळ बोलला, कुणी रडलं. इस्माईलनं मला न विचारता टोस्टचा डबा उघडून सगळ्यांपुढे धरला. जनाभाऊ श्रीरंगांना शोधत आत आले आणि त्यांना मिठी मारून बाहेर निघूनही गेले.

श्रीरंग खोलीतच होते. मी दारात उभी राहून त्यांचा चेहरा पाहिला. ज्याचं घर, भट्टी, बायको वाचली, त्याचा चेहरा असा नसतो.

"आता पुढे कुठे?" मी विचारलं.

"रत्नागिरीच्या वर वळेल. तिथल्या वाऱ्याचा रोख तसाच आहे. गुहागर." जरा थांबून म्हणाले, "पालशेत."

बाहेर फटाक्यांची माळ लागली. त्या आवाजात ते काहीतरी पुटपुटले. मला ऐकू जाईल असं त्यांना वाटलं नसावं, पण मी दोन पावलांवर होते.

"आपल्याकडे वळलं असतं तर बरं झालं असतं."

मी भट्टीत परत गेले आणि रिकामे ट्रे एकात एक रचत बसले. रचून झाले की परत काढायचे, परत रचायचे. आमचा पत्रा उडाला असता, भिंत माझ्या अंगावर आली असती, तर बरं झालं असतं! वीस वर्षांच्या संसारात मी बऱ्याच गोष्टी गिळल्या होत्या. ही घशाखाली जाईना.

संध्याकाळी तिचा शेवटचा निरोप आला. श्रीरंगांनी सगळ्यांसमोर लावला. पाठीमागे वारा असा ओरडत होता की ती बोलतेय की किंचाळतेय ते समजत नव्हतं. "आमचा दाब फार उतरलाय. कौलं जायला लागलीत. आता फोन ठेवते. सगळे सांभाळून राहा." तेवढंच. त्यानंतर श्रीरंगांनी तिला काय लिहिलं ते मी उघडून वाचलं नाही, पण लिहिलेलं तिच्यापर्यंत पोचलं नाही, हे मला माहीत होतं. कारण दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचा फोन बघितला. निरोपापुढे एकच खूण होती, दुसरी उमटली नव्हती. ती जिवंत नसेल का, असा विचार माझ्या मनात आला. मला त्याची भीती वाटली आणि ते पाप मुलीला लागू नये म्हणून मी हात जोडले. पण थोड्या वेळानं मी परत फोन बघितला.

गुहागर तालुक्याशी संपर्क नाही, असं बातम्यांत सांगत होते. वीज नाही, टॉवर पडलेले, रस्त्यांवर झाडं. श्रीरंग जेवणाच्या ताटावर बसले आणि भात कालवून तसाच ठेवून म्हणाले, "मी जाऊन येतो."

"कुठे?"

"पालशेतला. लोकांना खायला नसेल. पाव नेतो व्हॅनमधून."

"पाव रत्नागिरीतही मिळतात."

त्यांचे कान लाल झाले. त्यांना लाज वाटली की त्यांचे कान लाल होतात, हे जगात फक्त मला माहीत आहे.

"मी पण येते," मी म्हणाले.

"तू कशाला? रस्ते वाईट असतील."

"लोकांना खायला नसेल ना? मग दोन हात जास्त असले तर बरंच."

खरं सांगायचं तर मला तिला बघायचं होतं. दुसरं काही मनात नव्हतं. त्या दिवशी मी आणि इस्माईलनं रात्रीपर्यंत भट्टी चालवली. पाव, बटर, खारी. आणि नानकटाई मी एकटीनं केली, चांगलं लोणकढं तूप घालून, वेलची ताजी कुटून. भुकेल्या गावाला नानकटाई कशाला, असं इस्माईल म्हणाला. मी म्हटलं, तू पावांकडे बघ. माझ्या हातचं काय असतं ते तिला कळायला हवं होतं. आणि निघताना मी इरकली नेसले. जांभळी, मोठ्या काठांची. वादळानं झोडपलेल्या गावात मी ठेवणीतली साडी नेसून गेले. श्रीरंगांनी पाहिलं आणि ते क्रेट चढवत राहिले.

आम्ही उजाडताना निघालो. राजापूर, लांजापर्यंत काही जाणवलं नाही. हातखंब्याला चहाला थांबलो. मी पाण्याची बाटली घ्यायला व्हॅनचं मागचं दार उघडलं, तर पावांच्या क्रेटच्या मध्ये, टॉवेलात गुंडाळलेलं, गोल काहीतरी दिसलं. मी टॉवेल बाजूला केला. मामांचं बॅरोमीटर.

"हे कशाला?" मी विचारलं.

श्रीरंग चहाचा ग्लास घेऊन मागे उभे होते. "तिचं फुटलं असेल. तिचं घर अगदी समुद्राच्या तोंडाशी आहे."

"आणि आपण?"

"आपण काय, फोनवर बघू."

मी टॉवेल नीट गुंडाळून ठेवला. चिपळूणपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. परत येताना विचारायचे प्रश्न मी मनात रचत होते. आपल्याकडे वळलं असतं तर बरं, म्हणजे काय? मी तुमची कोण? सगळं सरळ विचारायचं ठरवलं होतं. आधी मात्र तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

शृंगारतळीच्या पुढे रस्ता रस्ता राहिला नव्हता. गावकऱ्यांनी करवतींनी कापून एक गाडी जाईल एवढी वाट केली होती. दोन्ही बाजूंना पोफळी काडेपेटीच्या काड्यांसारख्या मधोमध मोडून पडल्या होत्या. एका घराचा अख्खा पत्रा आंब्याच्या झाडात अडकून वाऱ्यानं खडखडत होता. पालशेतच्या अलीकडे व्हॅन थांबवावी लागली. तिथल्या माणसांनी क्रेट उतरवायला हात लावला. खातूंचं घर कुठलं विचारल्यावर एकानं बोट दाखवलं.

मी आधी आवाजच ओळखला. "अहो, तो वासा ओढू नका! भिंत येईल खाली!"

अंगणात कौलांचा ढीग पडला होता आणि त्या ढिगाजवळ एक बाई उभी होती. गाऊनवर पुरुषी शर्ट चढवलेला, हातात कोयती, डोक्याला पंचा बांधलेला. ठेंगणी, अंगानं चांगली भरलेली, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठीच असेल. पंच्याखालून पांढरे केस सुटले होते. वर, उघड्या छपरावर, तिचा नवरा वासे सोडवत होता.

हीच? माझ्या मनात पहिलं हेच आलं. क्षणभर जीव भांड्यात पडला आणि लगेच आणखीनच पोळलं. ती सुंदर असती तर मला कळलं असतं. सुंदर बाईपुढे माणूस बोलायला लागतो, समजू शकते मी. पण हिच्याशी बोलण्यासाठी त्यांना तसं काहीच लागलं नव्हतं.

श्रीरंग पुढे झाले. हातात टॉवेलातलं बॅरोमीटर. शाळेत बक्षीस घ्यायला निघालेल्या मुलासारखे चालत होते.

"नमस्कार. मी श्रीरंग. श्रीरंग मुणगेकर."

ती बघत राहिली. ओळखीचं हसू चेहऱ्यावर आणायचा प्रयत्न करत होती, पण ते येत नव्हतं. "पंचायतीतून आलात का?"

"नाही, नाही. देवगडहून."

"अगोबाई, देवगड!" तिनं कोयती खाली टाकली. "अहो, हे बघा कोण आलंय! देवगड आले!"

"कोण देवगड?" छपरावरून नवऱ्यानं विचारलं.

"आपल्या गटातले! दाब कळवतात ते!" मग श्रीरंगांकडे वळून म्हणाली, "एवढ्या लांबून आलात? कमाल केलीत हो. माझा फोन भिजून गेलाय, दोन दिवस कुणाचं काही कळत नाही. तुमच्याकडे पडझड नाही ना? मला वाटलंच होतं दाब तुमच्याकडे चढायला लागेल. बसा ना. बसायला जागा नाही, पण बसा. तुमच्याकडे ती दुर्बीण आहे ना मोठी? ग्रहणाचे फोटो पाठवलेले?"

"ते आचऱ्याचे," श्रीरंग म्हणाले. "माझी बेकरी आहे."

"हां हां, बेकरी! नावं लक्षात राहत नाहीत हो माझ्या. माझ्या फोनमध्ये सगळी गावंच आहेत. देवगड, आचरा, हर्णै, वेंगुर्ला. माणसांची नावं घालत बसले तर नकाशा कधी काढू?" आणि ती हसली. तेच हसणं.

श्रीरंगही हसले. मी त्यांच्या कानांकडे पाहिलं.

मग तिनं मला पाहिलं, माझी साडीही पाहिली आणि काही न दाखवता माझा हात धरला. तिच्या हाताला ओल्या मातीचा वास येत होता. मी नानकटाईचा डबा पुढे केला. तिनं उभ्या उभ्या एक तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "कुणी केली?"

"मी."

"दोन दिवस नुसत्या शहाळ्यावर आहोत आम्ही. काय चव आहे हो तुमच्या हाताला!" तिनं डबा शेजारच्या म्हातारीकडे दिला. "काकी, सगळ्यांना एकेक द्या."

एवढ्यासाठीच तर मी ती केली होती. पण ती तसं म्हणाली तेव्हा माझं लक्षच नव्हतं. मी श्रीरंगांकडे बघत होते. ते टॉवेल सोडत होते.

"हे तुमच्यासाठी आणलं," ते म्हणाले. "तुमचं फुटलं असेल असं वाटलं."

"अरे वा! पितळी! हल्ली मिळत नाहीत अशी." तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, काचेवर टकटक केलं, काटा बघितला. "माझं फुटलंच. पण पुण्याचे एक सर नवीन पाठवतो म्हणालेत, आकडे दिसणारं. मग असं करू ना, हे हर्णैला देऊ. त्यांच्याकडे धड यंत्रच नाही, कायम चुकीचा दाब कळवतात. कुणी तिकडे जाणारा मिळाला की पाठवून देते. चालेल ना?"

"चालेल की," श्रीरंग म्हणाले.

तिनं ते पडवीच्या कठड्यावर, फुटक्या कौलांशेजारी ठेवलं आणि वर बघून ओरडली, "अहो, त्या कोपऱ्यातला वासा आधी! तो आधी सोडवा!"

ती वाईट बाई नव्हती. तिच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, समोर अख्खी बाग आडवी पडली होती, आणि तशातही कुठल्या गावाचा दाब चुकतो याची ती काळजी करत होती. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. पण श्रीरंगांचे मोकळे झालेले हात तसेच हवेत होते. कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं.

मी कठड्यापाशी गेले आणि बॅरोमीटर उचललं.

"हे द्यायचं नाहीये," मी म्हणाले.

ती वळली. "अं?"

"यांच्या मामांचं आहे. चिपळूणला दुरुस्तीला न्यायचं होतं. वाटेत होतो म्हणून तुम्हाला दाखवायला आणलं यांनी."

श्रीरंग माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. टॉवेल झटकला, त्यावर कौलांची भुकटी पडली होती, आणि यंत्र व्यवस्थित गुंडाळलं. मृदुला खातूनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. तिला काय समजलं, किती समजलं, कोण जाणे. "बरोबर आहे," ती म्हणाली. "घरची वस्तू आहे. न्या, न्या. मला आपलं वाटलं..."

आम्ही तासभर थांबलो. श्रीरंग छपरावर चढून तिच्या नवऱ्याला हात देत होते. मी इरकलीचा काष्टा मारून कौलं निवडली, सगळ्या बाया निवडत होत्या म्हणून. निघताना ती वाटेपर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "देवगड, उद्यापासून पाठवा हो दाब. फोन सुरू करते मी कसातरी."

"पाठवतो," श्रीरंग म्हणाले.

व्हॅन रिकामी होती, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात धडधडत होती. बॅरोमीटर माझ्या मांडीवर होतं. मी रचून ठेवलेले प्रश्न सगळे तसेच होते, पण आता ते विचारायचे कुणाला? शृंगारतळी मागे पडलं. एका मोकळ्या वळणावर श्रीरंगांनी व्हॅन बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. समोर रस्त्याला कुणी नव्हतं.

"तिला माझं नाव माहीत नव्हतं," ते म्हणाले.

वर्षभर मी जळत होते. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. अशा एखाद्या वाक्यासाठी तेव्हा मी काहीही दिलं असतं. आणि आता ते माझ्या शेजारी बसून, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते वाक्य बोलले, तेव्हा मला त्या बाईचा खरा राग आला. त्याआधीचा तो काय राग होता! माझ्या नवऱ्यानं तिच्यासाठी आभाळात पापलेटाचे खवले शोधले, तिच्यावर येणारं वादळ आपल्या घरावर मागून घेतलं, आणि हिच्या फोनमध्ये नुसतं देवगड? जे मला वीस वर्षांत मिळालं नाही, ते हिला फुकट मिळत होतं आणि हिनं ते कुणाचं आहे तेसुद्धा विचारलं नव्हतं.

"गाडी वळवा," मी म्हणाले.

"काय राहिलं?"

"तुमचं नाव सांगून येते तिला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गंमत करतेय असं त्यांना वाटलं. पण मी पदर कमरेला खोचला होता.

"वळवा म्हणते ना! पाच मिनिटांचं काम आहे. रोज न चुकता दाब पाठवणाऱ्या माणसाचं नाव विचारायला काय जातं हो? नाव, आडनाव, बेकरीचं नाव, सगळं लिहून घ्यायला लावते."

श्रीरंग हसायला लागले. हसता हसता त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि त्यांचे खांदे हलत राहिले. ते अजून हसत होते की नाही, मला दिसत नव्हतं. मागून पत्र्यांनी भरलेला ट्रक आला, त्यानं जोरात हॉर्न वाजवला आणि बाजूनं निघून गेला.

"मी चालत जाते," मी दार उघडलं.

"बस गं," ते मान वर न करता म्हणाले. "बस. जाऊ दे."

मी दार आपटून बसले. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं आणि गाडी सुरू केली.

चिपळूण सोडल्यावर ते बोलायला लागले. आधी तुटक, मग सलग. वादळ आपल्याकडे का वळलं नाही, वरच्या थरातल्या वाऱ्यानं त्याला कसं पुढे ढकललं, समुद्राचं पाणी कुठे गरम होतं आणि कुठे नव्हतं. मध्येच खिडकीतून हात काढून सह्याद्रीवरचा एक ढग दाखवला आणि तो कशासारखा दिसतोय तेही सांगितलं. संगमेश्वर गेलं, हातखंबा गेला, लांजा आलं, तरी ते मला सांगतच होते.

मी हं हं म्हणत होते. पण त्यातलं निम्मंही मला आज आठवत नाही. मनातून मी अजून पालशेतच्या त्या अंगणात उभी होते आणि तिला सांगत होते, श्रीरंग. श्रीरंग मुणगेकर. लिहून घ्या.